घरात मेकॅनिक्स बंद

गेल्या वीस-बावीस वर्षांत बडोद्यात जे कोणी इंजिनियर झाले, त्यांतल्या बऱ्याच जणांना बळ म्हणजे काय हे सुभानपुऱ्यातल्या एका व्हरांड्यात कळलेलं आहे. व्हरांडा विश्वंभर टिपणीस यांचा. टिपणीस सर कॉलेजात मेकॅनिक्स शिकवत. तुळई कुठे वाकते, शिडी का घसरते, पूल कशाच्या जोरावर उभा राहतो, याचं ते गणित. हा विषय पहिल्याच वर्षी समोर येतो आणि बारावीला नव्वद टक्के मिळवून आलेल्या पोरांना दिवसा तारे दाखवतो. म्हणून दर रविवारी सकाळी सरांच्या फाटकाशी सायकली, लुना आणि एखाददुसरी बापाची स्कूटर अशी रांग लागे. व्हरांड्याच्या एका भिंतीला सरांनी काळा रंग फासून घेतला होता. तिच्यावर खडूनं चित्रं निघत, शंका फिटत, आणि मधेच सरोजिनीबाई चिवड्याचं ताट आणून ठेवत. फी वगैरे काही नाही. युनिव्हर्सिटीच्या मास्तरानं घरी शिकवणी घेऊ नये, असा सरांचा नियम होता. आणि शंका सोडवणं म्हणजे शिकवणी नव्हे, असा त्याला पोटनियम.

सरांच्याकडे नियमांची कमतरता कधीच नव्हती. पण त्यांतला सगळ्यात जाचक नियम त्यांच्या एकुलत्या एका मुलीच्या वाट्याला आला होता. अख्ख्या गावाला मोकळा असलेल्या त्या व्हरांड्यात रविवारी सकाळी देवश्रीला मात्र यायची बंदी होती.

आधी असं नव्हतं. अकरावी-बारावीची दोन वर्षं सरांनी तिला स्वतः शिकवलं. संध्याकाळी जेवणाच्या टेबलावरची ताटं उचलली, की गणित आणि फिजिक्सची पुस्तकं येत. इंजिनियरिंगला अॅडमिशन म्हणजे बोर्डाचे मार्क, आणि एकेका मार्कानं माणूस शंभर नंबर खाली जातो, हे सरांना पक्कं ठाऊक होतं. त्यामुळे एरवी प्रत्येक गोष्टीच्या मुळाशी जाणाऱ्या या गृहस्थानं मुलीला मात्र सोप्या वाटा दाखवल्या. उतारावर ठोकळा ठेवलाय? ठोकळा विसर. त्याचा एक ठिपका काढ, ठिपक्याभोवती एक बारीक गोल काढ, आणि सगळे बाण त्या गोलातून बाहेर काढ. वजन खाली, आधार वर, घर्षण मागे. बोर्डाला एवढं पुरतं. देवश्री ठिपके काढायला शिकली आणि बारावीला तिनं मार्कांची लयलूट केली.

पंच्याण्णव साली सिव्हिलच्या यादीत तिचं नाव लागलं, तेव्हा सर स्वतः कॉलेजात जाऊन ते पाहून आले. येताना पेढे आणले. शेजारच्या पटेलांकडे दिले, समोरच्या शहांकडे दिले. संध्याकाळी हिंचक्यावर, म्हणजे आपल्या झोपाळ्यावर, बसून त्यांनी देवश्रीला हाक मारली.

"आता तू माझ्या कॉलेजची विद्यार्थिनी झालीस," ते म्हणाले. "तुझ्या वर्गावर मी येणार नाही, तुला दुसऱ्या डिव्हिजनला घातलंय, तिथे पंड्यासाहेब शिकवतील. पहिल्या वर्षाचा पेपर मला काढायला देऊ नका, तपासायलाही देऊ नका, असं मी डिपार्टमेंटला कळवलंय. आणि घरात मेकॅनिक्स बंद."

"बंद म्हणजे?" देवश्रीनं विचारलं.

"म्हणजे मला विचारायचं नाही. तू पास झालीस तर लोक म्हणायला नकोत, की बापानं केलं."

यामागे टिपणिसांच्या घराण्यातली एक गोष्ट होती. सरांचे आजोबा गायकवाडीत शिक्षणखात्यात होते. त्यांचा मुलगा, म्हणजे सरांचे वडील, ज्या वर्षी परीक्षेला बसले, त्या वर्षी आजोबांनी रजा टाकली आणि निकाल लागेपर्यंत नवसारीला जाऊन राहिले. कोणी बोट दाखवायला नको. ही गोष्ट सरांनी लहानपणापासून इतक्या वेळा ऐकली होती, की तिच्यापुढे त्यांना दुसरं काही सुचलंच नाही. त्यांना नवसारीला जाता येत नव्हतं, म्हणून त्यांनी नवसारी घरातच आणली.

पहिल्या वर्षाच्या शेवटी देवश्री मेकॅनिक्समध्ये नापास झाली. बाकीच्या सगळ्या विषयांत उत्तम, आणि नेमका हाच गेला. कॉलेजात ही बातमी पसरायला वेळ लागला नाही. दिव्याखाली अंधार, असं मराठी मंडळी म्हणाली. गुजराती मंडळींनी तेच गुजरातीत म्हटलं. सर ऐकल्या न ऐकल्यासारखं करून वर्गावर गेले आणि नेहमीपेक्षा जरा मोठ्या आवाजात शिकवून आले. आतून मात्र त्यांना लागलं होतं. पंड्यासाहेब फळ्यावर गणितं उतरवून देतात, समजावून सांगत नाहीत, असा त्यांचा जुना ग्रह होता. तो आता पक्का झाला, पण सहकाऱ्याबद्दल वाईट बोलायचं नाही हाही एक नियम असल्यामुळे ते गप्प राहिले.

नापास विषय गळ्यात घेऊन दुसऱ्या वर्षाला बसता येत असे. देवश्री बसली. दिवाळीच्या सुमारास फेरपरीक्षा झाली, त्यातही मेकॅनिक्स गेला. आता शेवटची संधी उन्हाळ्यात. त्यात निघाला नाही, तर तिसऱ्या वर्षाला प्रवेश नाही. वर्षभर घरी बसायचं आणि एका पेपराची वाट बघायची.

"मी घरी नाही बसणार," देवश्रीनं जेवताना सांगितलं. आवाज चढला नव्हता, ठरवून झालेलं होतं. "नाही निघाला तर मी इंजिनियरिंग सोडते. बीएस्सीला जाते."

"अगं, बाकी सगळं तर छान आहे," सर म्हणाले.

"सिव्हिलमध्ये बाकी काय असतं, बाबा? पुढचं सगळं याच्यावरच उभं असतं. तुम्हीच सांगता ना व्हरांड्यात. मला आत ऐकू येतं."

सरोजिनीबाईंनी आमटी वाढली. त्या मराठी शाळेत तिसरी-चौथीला शिकवत. नवऱ्याचे नियम त्यांनी पंचवीस वर्षं निमूटपणे पाळले होते, मानले होते असं नाही.

त्या हिवाळ्यात व्हरांड्यात मिताली शिर्के येऊ लागली. प्रतापनगरच्या रेल्वे क्वार्टर्समधली, पहिल्या वर्षाची, कॉलेजच्या बसमध्ये देवश्रीशी ओळख झालेली. मुलगी धीट. लुना फाटकाला टेकवून थेट पुढे येऊन बसे. सुरुवातीला तिच्या शंका म्हणजे "सर, हे परीक्षेत येणार का?" याच्या पलीकडे नसत. सर म्हणत, "परीक्षा घेणाऱ्याला विचार." पोरं हसत.

पुढे मात्र मितालीच्या शंका एकदम वयात आल्या. आधाराची दिशा कशी ठरवायची, दोन टेकूंपैकी जास्त भार कुणावर हे चित्र पाहून सांगता येतं का, असलं काहीबाही ती विचारू लागली. सर खूश झाले. शंका चांगली असली की सरांना भूक लागते, असं सरोजिनीबाई म्हणत, आणि त्या दिवसांत चिवड्याचं ताट दोनदा भरावं लागे. गंमत एवढीच होती, की सरांनी उत्तरावर उलटा प्रश्न केला की मितालीची गाडी जागच्या जागी थांबायची. "विचारून सांगते," असं ती एकदा बोलून गेली. सरांनी ते ऐकलं, पण त्यांच्या डोक्यात काही शिरलं नाही. नाकासमोर चालणाऱ्या माणसाचं हेच होतं, बाजूला काय चाललंय ते दिसत नाही.

मार्चमधल्या एका रविवारी मिताली खडू घेऊन उठली.

"सर, भिंतीला टेकवलेली शिडी. भिंतीचा आधार एक, जमिनीचा आधार दोन, जमिनीचं घर्षण तीन. अज्ञात तीन झाले. आडव्या बळांचं समीकरण एक, उभ्या बळांचं दुसरं. तिसरं समीकरण मोमेंटचं, बळ गुणिले अंतर, ते पाठ आहे. पण अंतर कुठून कुठपर्यंत घ्यायचं? दर वेळी अंदाजानं घ्यावं लागतं."

"अंदाजानं? अगं, चित्रात दिसतं की अंतर. काढ चित्र."

मितालीनं काळ्या भिंतीवर चित्र काढलं. आधी एक ठिपका. मग ठिपक्याभोवती बारीक गोल. मग त्या गोलातून चार बाण: खाली, वर, उजवीकडे, डावीकडे. शिडी नव्हतीच. शिडीचा ठिपका झाला होता.

सर भिंतीकडे बघत राहिले. ठिपक्याभोवती गोल कोणत्याही पुस्तकात काढत नाहीत, वर्गात त्यांनी तो कधी काढला नव्हता. तो गोल त्यांनी जगात एकाच मुलीला शिकवला होता, जेवणाच्या टेबलावर, बोर्डाच्या मार्कांसाठी. ठोकळ्याला तो चालतो, कारण ठोकळा उलटत नाही असं आपण धरून चालतो. शिडीला तो चालत नाही. शिडीवर प्रत्येक बळ वेगळ्या जागी लागतं, आणि त्या जागांमधल्या अंतरावरच सगळा खेळ असतो. सगळे बाण एका ठिपक्यात कोंबल्यावर अंतर उरणार कुठून? देवश्रीनं दोन परीक्षांत अंतरं अंदाजानं टाकली होती.

"आज एवढं पुरे," सर म्हणाले.

पोरं एकमेकांकडे बघत उठली. चिवडा अजून यायचा होता.

सर आत आले. सरोजिनीबाई ओट्याशी मेथी निवडत होत्या.

"मिताली कुणाच्या शंका घेऊन येते?" त्यांनी विचारलं.

"कळलं का एकदाचं?" बाईंनी मान वर केली नाही. "संक्रांतीपासून चाललंय. ही तिला बसमध्ये सांगते, ती तुम्हाला विचारते, तुमचं उत्तर परत बसमधून हिच्याकडे येतं. निम्मं वाटेत सांडतं."

"तुला माहीत होतं?"

"मीच सांगितलं तिला. तुमच्या नियमात मितालीला बंदी नव्हती."

सर स्टुलावर बसले. मग म्हणाले, "ती चित्रच चुकीचं काढतेय. आणि ते तिला मी शिकवलंय. बारावीला."

आता मात्र बाईंनी मेथी बाजूला ठेवली. "मग बसा की तिला घेऊन."

"अगं, पण आजोबा..."

"तुमच्या आजोबांचं मला सांगू नका. सासूबाईंकडून मी सगळं ऐकलंय. परीक्षेच्या वेळी नवसारीला गेले, खरं आहे. पण जायच्या आधी चार महिने रोज पहाटे मामंजींना उठवून अभ्यासाला घेऊन बसत होते. तुम्ही लोकांनी तेवढी नवसारी लक्षात ठेवलीत. पेपर तुम्ही काढत नाही, तपासत नाही, तिच्या वर्गावर जात नाही. मग आता पाळताय काय?"

वीस वर्षं सर पोरांना सांगत आले होते, की आधी कुठलं बळ खरोखर लागतंय ते बघा, नसलेली बळं काढू नका. घरात मेकॅनिक्स बंद ठेवा, असं युनिव्हर्सिटीनं त्यांना कधीच सांगितलं नव्हतं. डिपार्टमेंटमध्ये कुणी मागितलं नव्हतं. अति तेथे माती म्हणतात, ती माती त्यांनी स्वतःच्या हातानं पोरीच्या ताटात कालवली होती. त्यांना स्वतःची लाज वाटली.

दुपारी जेवणं झाल्यावर त्यांनी देवश्रीला बोलावलं. ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"मिताली रडकुंडीला आली होती," ती म्हणाली. "तिला वाटलं, तिचं काही चुकलं."

"तिचं नाही चुकलं. हे दार ढकल. एका बोटानं, बिजागरीजवळ."

देवश्रीनं त्यांच्याकडे पाहिलं. मग बिजागरीजवळ बोट लावून ढकललं. जुनं सागवानी दार, हललं नाही.

"आता कडीजवळ. तेवढ्याच जोरानं."

दार सहज लोटलं गेलं.

"बोट तेच, जोर तेवढाच. बदललं काय?"

"जागा," देवश्री म्हणाली.

"तुझ्या चित्रात जागाच नसते. सगळे बाण तू एका ठिपक्यातून काढतेस. शिडीचा ठिपका करायचा नाही, शिडीची शिडी काढायची. जिथे भिंत टेकते तिथे भिंतीचा बाण, जिथे जमीन टेकते तिथे जमिनीचे, मध्यावर वजन. मग अंतर शोधावं लागत नाही, समोर दिसतं."

देवश्रीनं दार पुन्हा बिजागरीजवळ ढकललं, पुन्हा कडीजवळ ढकललं. मधोमध ढकलून पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर आधी उजेड पडला आणि मग राग आला.

"हे सांगायला तुम्हाला पाच मिनिटं लागली, बाबा."

"हो."

"मग ठिपका का शिकवलात?"

"बोर्डाला तो पुरत होता. मार्क पाहिजे होते, अॅडमिशन पाहिजे होती. म्हटलं, नीट काय आहे ते पुढे शिकवू."

"आणि पुढे?"

"पुढे नियम आला," सर म्हणाले.

देवश्री आत निघून गेली. सरांना वाटलं, संपलं. पण ती कोरे कागद आणि पट्टी घेऊन आली आणि टेबलाशी बसली, दोन वर्षांपूर्वी बसायची त्याच खुर्चीवर. त्या दिवशी त्यांनी शिडी सोडवली, मग तुळई, मग दोन टेकूंवरची फळी. तिचा हात पुन्हा पुन्हा आपोआप ठिपका काढायला जाई आणि सर पुन्हा पुन्हा तो खोडत. लागलेली सवय सोडवणं हे नवीन शिकवण्यापेक्षा कष्टाचं काम, आणि ती सवय आपणच लावलेली असली तर विचारायलाच नको. सरांनी एकदाही आवाज चढवला नाही. पुढच्या रविवारी देवश्री व्हरांड्यात येऊन मितालीशेजारी बसली. पोरांनी सरकून जागा दिली. सर नेहमीसारखे शिकवत राहिले, फक्त कानाच्या पाळ्या जरा लाल झाल्या होत्या.

उन्हाळ्यात पेपर झाला. देवश्री घरी येऊन "लिहिलाय" एवढंच म्हणाली आणि झोपली. निकाल लागेपर्यंत सरांनी डिपार्टमेंटमधल्या पेपर तपासायच्या खोलीत पाऊल टाकलं नाही. तेवढी नवसारी त्यांनी ठेवलीच. जूनच्या शेवटी निकाल आला. मेकॅनिक्स निघाला, चांगल्या सत्तावन्न मार्कांनी. सरोजिनीबाईंनी डोळ्यांना पदर लावला आणि लगेच, कांदा चिरत होते, असं सांगितलं. कांदा कुठे दिसत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सर पेढ्यांचा पुडा घेऊन पंड्यासाहेबांच्या टेबलाशी गेले. पंड्यासाहेबांनी पेढा घेतला, अभिनंदन केलं. "छोकरी पहेलेथी ज होशियार छे," ते म्हणाले. मग जरा घुटमळून, अर्ध्या गुजरातीत आणि अर्ध्या मराठीत त्यांनी मनातलं सांगितलं. पहिल्याच टर्मला त्यांनी तिचा तो ठिपका लाल शाईनं खोडला होता. टेबलाशी बोलावून, शिडी काढून दाखवली होती. बळाला जागा असते, हे बोट ठेवून सांगितलं होतं. ती मान डोलवून गेली आणि पुन्हा ठिपकाच काढून आली. दुसऱ्यांदा खोडला, पुन्हा तेच.

"पछी में छोडी दीधुं," पंड्यासाहेब म्हणाले. "तमारी दीकरी, साहेब. वधारे शुं कहेवाय?" तुमची मुलगी, तिला आणखी काय बोलणार, म्हणून त्यांनी नाद सोडला होता.

सर स्कूटरवरून घरी येताना एवढंच घोळवत होते. वर्षभर त्यांनी मनातल्या मनात पंड्यांना दोष दिला होता. पंड्यांनी तर पहिल्याच टर्मला सगळं सांगितलं होतं. मग चुकलं कुठे?

देवश्री हिंचक्यावर बसून वहीला कव्हर घालत होती. तिसऱ्या वर्षाची वही.

"पंड्यासाहेबांनी तुला ठिपक्याचं आधीच सांगितलं होतं?" त्यांनी चपला न काढताच विचारलं.

"हो. दोनदा."

"मग ऐकलं का नाहीस?"

"मला वाटलं, त्यांचं चुकतंय."

"आणि नापास झालीस तेव्हा?"

"तेव्हाही तेच वाटलं."

"दुसऱ्यांदा झालीस तेव्हा?"

देवश्रीनं कव्हरची घडी नखानं दाबली. "दुसऱ्यांदा वाटलं, की तुम्ही शिकवलेलं मलाच नीट जमत नाहीये. म्हणून तर मितालीला पाठवत होते. तुम्ही शिकवलेलं चुकीचं असेल, हे कसं डोक्यात येणार, बाबा?"

तिनं हे दुखवायला म्हटलं नव्हतं. विचारलं म्हणून सांगितलं. सर खांबाला धरून उभे राहिले. गावानं आपल्याबद्दल काय म्हणावं याची त्यांनी दोन वर्षं डोळ्यांत तेल घालून राखण केली होती. आणि तेवढी दोन वर्षं घरातली एक मुलगी, त्यांच्यावर कुणीच ठेवला नव्हता एवढा विश्वास ठेवून, नापास होत होती.

"यापुढे काही अडलं तर मला विचारत जा," ते शेवटी म्हणाले. "आणि मी सांगितलं, की पंड्यासाहेबांना दाखवून बरोबर आहे का ते बघत जा."

"बरं," देवश्री म्हणाली.